पश्चिमेस सामाईक भिंत

“मॅडम, तुमच्या गावात पाणी कितव्या दिवशी येतं?”

मैत्रेयी खरवंडीकर हिने हा प्रश्न भरल्या सभागृहात, माईक हातात धरून, बऱ्यापैकी इंग्रजीत विचारला, त्यामागे ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. त्यामागे सुकन्या आणि आरती होत्या. नगरच्या सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात परदेशी शिक्षणाचं प्रदर्शन भरलं होतं आणि बारावीतल्या या तिघी तिथे फुकट मिळणाऱ्या कापडी पिशव्यांसाठी गेल्या होत्या. व्यासपीठावर आयर्लंडमधल्या एका छोट्या विद्यापीठाच्या कायद्याच्या प्राध्यापक ब्रेननबाई बोलत होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी “काही प्रश्न?” असं विचारलं आणि सभागृहात शांतता पसरली. गणिताचे सर खडू पुढे करून “कोण येतंय फळ्यावर?” म्हणतात तेव्हा पसरते तीच. सुकन्या कानात म्हणाली, विचार, पाणी कधी येतं. आरती म्हणाली, हिच्यात दम नाही. सुकन्या म्हणाली, विचारलंस तर भेळ माझ्याकडून.

दोन वर्षांपूर्वी हीच मैत्रेयी हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायची तेव्हा बाई मान वर करून खात्री करून घ्यायच्या. पण गेल्या पावसाळ्यात तिला वक्तृत्व स्पर्धेत तिसरा नंबर मिळाला (स्पर्धक चार होते, पण ते सगळीकडे सांगायची गरज नाही) आणि तेव्हापासून माईक दिसला की तिचे पाय आपसूक तिकडे वळतात.

सभागृह हसलं. ब्रेननबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की आमच्याकडे पाणी नळालाही रोज येतं आणि आभाळातूनही रोज येतं, आणि लोकांची तक्रार आहे ती दुसऱ्याबद्दल. मग त्यांनीच उलट विचारलं, की तुमच्याकडे कितव्या दिवशी येतं, आणि कुठल्या गल्लीला आधी सोडायचं हे कोण ठरवतं?

इथे मैत्रेयी भेळ विसरली. चौथा दिवस, व्हॉल्व्हची चावी, गल्ल्यांची पाळी, नळाला थेट मोटर लावणारे लोक, अशा माणसाच्या शेजाऱ्याने आधी खोकायचं, मग दार वाजवायचं आणि तिसऱ्या वेळेलाच ओरडायचं हा कॉलनीचा नियम, हे सगळं तिने सात मिनिटं सांगितलं. बाई वहीत लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी आपलं कार्ड दिलं आणि म्हणाल्या, “तू आत्ता जे सांगितलंस ना, त्यालाच आमच्याकडे कायदा म्हणतात. अर्ज कर. आमच्या वर्गात चाळीसच मुलं असतात, आणि दरवर्षी एका परदेशी मुलाची फी आम्ही पूर्ण माफ करतो.”

भेळ मिळाली. तिखट जास्त होती.

भेळ खाऊन मैत्रेयी भिंगारला घरी पोचली ती मनाने वकील होऊनच. चहाच्या वेळी तिने आईबाबांना सांगितलं. आई, शोभाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने आधी विचारलं, की वाळलेले कपडे आत घेतलेस का, आणि मग विचारलं, की फी माफ म्हणजे सगळी माफ का, की आपली शाळा माफ करते तशी. कारण ती माफ झाली तरच जाणं होतं, नाहीतर विषय संपला, हे या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. बाबा, नृसिंह खरवंडीकर, परवानाधारक दस्तलेखक. सव्वीस वर्षं ते तहसील कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसतात आणि लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं लिहून देतात. त्यांच्या दृष्टीने जगात माणसं दोनच प्रकारची, लिहून देणार आणि लिहून घेणार. त्यांनी चहाचा घोट घेऊन विचारलं, “पण हे विद्यापीठ आहे केवढं?”

मैत्रेयी म्हणाली, की सगळं विद्यापीठ मिळून आपल्या कॉलेजच्या अकरावी-बारावीइतकी मुलं. बाबांना बरं वाटलं. लहान कचेरीत साहेब स्वतः कागद वाचतात, असं ते म्हणाले.

दक्षिणेकडच्या पुष्पावतीकाकूंचं स्वयंपाकघर खरवंडीकरांच्या चहाच्या टेबलापासून पंधरा फुटांवर आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत कॉलनीला सगळं कळलं आणि सल्ले यायला लागले. काकू म्हणाल्या, ठेचा वाळवून ने, ओला ठेचा विमानात फुगतो. दारावर भाजी विकणाऱ्या राहीबाईंनी भाचीच्या मोबाईलवर पाहिलं होतं, की तिकडं थंडीनं नाक गळून पडतं, तवा नाकाला खोबरेल लावायचं. आणि पश्चिमेकडचे शेजारी काकासाहेब गर्जे, मूळचे पाथर्डीचे, लष्कराच्या डेपोतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले, ते भिंतीवरून म्हणाले, “वकील व्हायला आयर्लंडला कशापायी? कोर्ट नगरला हाय. रिक्षानं वीस रुपये.”

पण काकासाहेबांना दुखावून चालणार नव्हतं. या गल्लीत धड चालणारं इंटरनेट फक्त त्यांच्याकडे. मोबाईलची रेंज म्हणाल तर ती पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून पूर्वेकडे तोंड केल्यावर येते. दर नोव्हेंबरात मैत्रेयी काकांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला मोबाईलवर काढून देते, म्हणजे काका जिवंत आहेत हे सरकारला पटवून देते, आणि त्या बदल्यात काकांनी तिला पासवर्ड दिलेला. हे इंटरनेट भिंतीवरून यायचं. भिंत लक्षात ठेवा.

आता अर्ज. अर्ज म्हटलं की सल्लागार आला. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर सूर्यभान सरांचं परदेशी शिक्षण मार्गदर्शन केंद्र आहे. सरांनी शंभरेक मुलं परदेशी पाठवलीत. सर स्वतः शिर्डीच्या विमानतळापर्यंत जाऊन आलेत, मेव्हण्याला सोडायला. त्यांनी मैत्रेयीला ‘स्वतःविषयीचं निवेदन’ तयारच काढून दिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘अगदी लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती.’ आरती जर्मनीला नर्सिंगला जायच्या खटपटीत होती, तिलाही सरांनीच निवेदन दिलेलं. तिला अगदी लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ होती. पुढची दीड पानं दोघींच्या ओढी हातात हात घालून चाललेल्या.

सरांनी आणखी एक सुचवलं. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात दस्तलेखक लिहू नका, तिकडे कळणार नाही, ‘लीगल कन्सल्टंट’ लिहा. मैत्रेयीने लिहिलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते वाचायला बरं वाटलं. मैत्रिणी बरोबर असल्या की ती तहसील कचेरीवरून जायचीच नाही, लांबच्या रस्त्याने जायची. कारण विचारलं तर म्हणायची, तिकडे सावली असते. तिकडे सावली नव्हती.

बाबांनी एकदा तिच्या खांद्यावरून तो रकाना वाचला. म्हणाले, “हे कोण?”

“तुम्हीच की.”

“मी दस्तलेखक आहे. परवाना आहे माझ्याकडे.” मग चष्मा पुसला, “असू दे, असेल तिकडची पद्धत,” म्हणाले आणि सकाळी घातलेलं असूनही तुळशीला पुन्हा पाणी घालायला गेले. त्या दिवशी पाण्याचा दुसरा दिवस होता. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तुळशीला कोणी दोनदा पाणी घालत नाही.

शिफारसपत्राचीही एक गंमत झाली. कॉलेजच्या हेडक्लार्कना बोनाफाईडपलीकडे पत्र माहीत नव्हतं. दोन आठवडे चकरा मारल्यावर त्यांनी दिलेल्या शिफारशीत एवढंच होतं, की सदर विद्यार्थिनी आमच्या माहितीप्रमाणे इथेच शिकते व तिच्याकडे ग्रंथालयाचं एकही पुस्तक बाकी नाही. मैत्रेयीने ते तसंच जोडलं. खोटं तर नव्हतं.

एक दिवस बाबांनी विद्यापीठाच्या सूचना स्वतः वाचायला मागितल्या. निवेदनाबद्दल तिथे लिहिलं होतं: तुम्ही कोण, कुठल्या, आणि काय करू इच्छिता, ते तुमच्या शब्दांत लिहा. बाबांचा चेहरा उजळला. “एवढंच? कोण, कुठली, काय करून देणार. अगं, हे तर मी रोज लिहितो.”

आणि दोन संध्याकाळी बसून बाबांनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, निळ्या शाईने, आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात दस्त लिहिला.

‘लिहून घेणार: सदर विद्यापीठ, वय अंदाजे एकशे दहा वर्षे, धंदा शिकवणे, राहणार आयर्लंड. लिहून देणार: कु. मैत्रेयी नृसिंह खरवंडीकर, वय सतरा, धंदा शिक्षण, राहणार भिंगार, जि. अहिल्यानगर. कारणे लिहून देते की, मी सदर विद्यापीठात कायद्याचे शिक्षण मन लावून घेईन, त्यात कसूर करणार नाही. लिहून देणार जिथे वाढली त्या घराच्या चतुःसीमा येणेप्रमाणे.’ चारी बाजू. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस पुष्पावतीबाईंचे घर, उत्तरेस पाण्याची टाकी, पश्चिमेस लिहून देणाराच्या वडिलांच्या मालकीची भिंत व त्यापलीकडे काकासाहेब गर्जे. आणि शेवटी, ‘सदर दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणत्याही दडपणाखाली न येता व नशापाणी न करता लिहून दिला असे.’

मैत्रेयीने ते शेवटपर्यंत वाचलं. आयर्लंडच्या प्राध्यापकांना आपण नशापाणी केलेलं नाही हे आपणहून कळवायचं? पण बाबांनी फोटो चिकटवून त्यावर आडवी सही करायची जागासुद्धा आखून ठेवली होती. नाही म्हणवेना. तिने मनात ठरवलं, की निवेदनाच्या जागी सरांचं टाकायचं आणि हे आपलं ‘इतर कागदपत्रे’मध्ये. बाबांना कळणार नाही, विद्यापीठाला त्रास नाही.

दस्ताला दोन साक्षीदार लागतात. पुष्पावतीकाकूंनी माहेरच्या नावासकट सही केली. दुसरी सही काकासाहेबांची हवी, असा बाबांचा आग्रह, कारण चतुःसीमेत ज्याचं नाव आलं त्याची साक्ष असली की दस्ताला वजन येतं, हे बाबांचं सव्वीस वर्षांचं मत. अर्ज भरायला एक दिवस उरला होता. काकासाहेब आले, खुर्चीवर बसले, चष्मा लावला, पेन उघडलं आणि पश्चिमेला येऊन थांबले.

“भाऊसाहेब, भिंत तुमच्या मालकीची?”

बाबा म्हणाले, विटा मीच आणल्या होत्या, पावती आहे. काकासाहेब म्हणाले, वाळू आन् शिमीट मी आनलं, पावती न्हाई, पर मी हाय. बाबा म्हणाले, तुमचा शेवगा अकरा वर्षं माझ्या बाजूला शेंगा टाकतोय, मी काही बोललो? काकासाहेब म्हणाले, बोलला न्हाईत, शेंगा खाल्ल्या. मग दोघांनी एकमेकांना ‘आपण’ म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे माणसं ‘आपण’वर आली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं. काकासाहेबांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं (पेन बाबांचं होतं) आणि निघून गेले.

दहा मिनिटांनी मैत्रेयीच्या मोबाईलवर इंटरनेट बंद झालं. पासवर्ड बदलला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. आयर्लंडच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या साडेपाचला, अर्ज बंद. मैत्रेयी सकाळपासून पाण्याच्या टाकीजवळ पूर्वेकडे तोंड करून उभी होती. सगळे कागद मिळून फाईल भली मोठी झाली होती आणि ती सदतीस टक्क्यांपर्यंत जाऊन परत शून्यावर यायची. सुकन्या आणि आरती दोन बाजूंना उभ्या राहून मोबाईल वर धरत होत्या. तीन वाजता सुकन्या म्हणाली, की आता काकांकडेच जा. मैत्रेयी म्हणाली, ते ऐकणार नाहीत. आरती म्हणाली, “परदेशी बाईला पाण्याचं विचारायला घाबरली नाहीस, आणि शेजारच्या काकांना घाबरतेस?”

मैत्रेयी गेली. काकासाहेब टीव्हीसमोर बसले होते, टीव्ही बंद होता. त्यांनी पुन्हा वाळूपासून सुरुवात केली. सिमेंटच्या गोण्या, डेपोतली रजा, गवंड्याची मजुरी. ती ऐकत राहिली. आणि ऐकता ऐकता, बहुधा सवयीनेच, तिच्या तोंडून प्रश्न गेला. “काका, भिंतीला पाणी कुणी मारलं?”

आत भागूबाई, त्यांची बायको, लसूण सोलत होत्या, त्या तशाच बाहेर आल्या.

“ह्या दोघांचं अकरा साल चाललंय, भिंत माझी, भिंत माझी. इटा भाऊसाहेबांनी आनल्या, व्हय. वाळू-शिमीट ह्यांनी आनलं, ते बी व्हय. मंग दोघं बी आपापल्या कचेरीला गेले. एकवीस दिस सकाळ-सांच्याला पानी म्या मारलं. तवा नळाला पाचव्या दिशी यायचं. हंड्यानं मारलं. जा, बघून ये, एक तडा हाय का.”

“काकू, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“कुनी इचारलंच न्हाई,” भागूबाई म्हणाल्या.

मैत्रेयी त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आली, लसणासकट. काकासाहेब मागून आले, कारण त्यांना एकट्याला बसवेना. तिने बाबांना सांगितलं, की पश्चिमेस असं लिहा: सामाईक भिंत, विटा नृसिंह यांच्या, वाळू-सिमेंट काकासाहेबांचं, आणि जिला भागूबाईंनी एकवीस दिवस पाणी घातलं. बाबा म्हणाले, दस्तात असं कुणी लिहीत नाही. दस्तात मोजता येतं तेच लिहितात, फूट, इंच, गुंठे. मैत्रेयी म्हणाली, “एकवीस दिवस मोजलेलेच आहेत की, बाबा.”

आई इतका वेळ भाजी चिरत होती. ती म्हणाली, “लिहा. मुलीचं बरोबर आहे.” आई असं वर्षातून एकदा म्हणते.

पण लिहिणार कशावर? रविवार, नवा स्टॅम्प पेपर मिळणार नव्हता. म्हणजे खाडाखोड. सव्वीस वर्षांत बाबांच्या हातून एकाही दस्तात खाडाखोड झालेली नाही, हे ते पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगतात. त्यांनी खिसा चाचपला, पेन नव्हतं. काकासाहेबांनी आपल्या खिशातून काढून दिलं. बाबांनी पश्चिमेवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली, वर बारीक अक्षरात नवी ओळ लिहिली आणि समासात सही केली. मग काकासाहेबांनी केली, पुष्पावतीकाकूंनी केली, मैत्रेयीने केली. शेवटी बाबांनी तिसऱ्या साक्षीदाराची जागा आखली आणि भागूबाईंपुढे दस्त सरकवला. त्यांनी हात पदराला पुसून, एकेक अक्षर उच्चारत सही केली. त्या दस्ताला अजून लसणाचा वास येतो.

“पासवर्ड सांगा,” बाबा काकासाहेबांना म्हणाले. काकासाहेब घुटमळले. मग खाली बघून म्हणाले, “माझीभिंत, एक, दोन, तीन.”

कोणी हसलं नाही. मोठी माणसं चांगली असतात कधीकधी.

पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. मैत्रेयीने काकासाहेबांच्या दिवाणखान्यात बसून दस्ताचं इंग्रजी भाषांतर केलं, नशापाणी धरून. मग अर्ज उघडला. निवेदनाच्या जागी कुठली फाईल टाकायची? एका फाईलमध्ये अगदी लहानपणापासून न्यायाची ओढ होती. दुसरीत एक सरळ रेघ होती, जी बाबांनी तिच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा ओढली होती. तिने दस्त टाकला. सरांचं निवेदन कुठेच टाकलं नाही. आणि जाता जाता मागे जाऊन ‘लीगल कन्सल्टंट’ खोडलं आणि दस्तलेखक लिहिलं. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी अर्ज गेला. सूर्यभान सरांना हे अजून माहीत नाही. त्यांनी आपल्या फलकावर तिचा फोटो लावलाय.

फेब्रुवारीत मुलाखत झाली, ऑनलाईन, अर्थात काकासाहेबांकडे. कॅमेऱ्यात मैत्रेयी एकटी दिसत होती. कॅमेऱ्याबाहेर आई, बाबा, काकासाहेब, पुष्पावतीकाकू आणि भाजीची पाटी दाराशी ठेवून राहीबाई, अशी पाच माणसं बसलेली. ब्रेननबाईंच्या हातात दस्ताची प्रत होती. त्यांनी गुण विचारले नाहीत, छंद विचारले नाहीत. त्या म्हणाल्या, इथे पश्चिमेला एक ओळ खोडलीय आणि बाजूला चार सह्या आहेत, ते काय आहे?

मैत्रेयीने सांगितलं. विटा, वाळू, शेंगा, पासवर्ड, सगळं. मध्येच आत चहा करत असलेल्या भागूबाईंना राहवलं नाही, त्या चहाचा कप घेऊन थेट कॅमेऱ्यात आल्या, पडद्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “बाई लईच वाळली हाय.” ब्रेननबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मैत्रेयी म्हणाली, तुमच्या तब्येतीची चौकशी केली. ही तिसरी साक्षीदार, हे कळल्यावर बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि त्यांनी नमस्कार केला.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. “मग कायद्याने भिंत कुणाची?”

वक्तृत्व स्पर्धेतल्या मैत्रेयीने इथे पाच मिनिटं सहज ठोकून दिली असती. तिने बाबांकडे बघितलं. बाबांना उत्तर माहीत होतं, ते त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, पण त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. ती म्हणाली, “मला माहीत नाही. विटांचं, वाळूचं बाबा सांगतील. पण पाणी घालणाऱ्याचं कायद्यात कुठे लिहितात, ते मला शिकायचंय.”

परीक्षा झाली. एप्रिलमध्ये पत्र आलं. प्रवेश, आणि पूर्ण फी माफ. आईने ते तीनदा वाचलं, पहिल्या दोन वेळा शुद्धलेखनासाठी. बाबांनी खालून वर वाचलं, कारण ते कुठलाही कागद सहीपासून वाचतात. काकासाहेबांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, की माझ्या भिंतीमुळं झालं. मग दचकून दुरुस्त केलं, आपल्या.

होकार कळवायला दोन आठवडे होते आणि मैत्रेयी, जी एका भेळेसाठी माईक ओढून घेते, तिने आठ दिवस काहीच कळवलं नाही. आई विचारायची नाही, फक्त स्वेटरची लोकर मोजायची. बाबा विचारायचे नाहीत, फक्त सकाळी जरा लवकर कचेरीत जायचे.

नवव्या दिवशी बाबा डबा विसरले. मैत्रेयी डबा घेऊन निघाली आणि वाटेत सुकन्या-आरती भेटल्या. तिने लांबचा रस्ता घेतला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने तापलेल्या टेबलापाशी बाबा एका म्हाताऱ्या बाईंना त्यांचं बक्षीसपत्र वाचून दाखवत होते. प्रत्येक ओळीनंतर थांबायचे आणि विचारायचे, आजी, हे असंच म्हणायचंय ना तुम्हाला? आजी मान हलवायच्या. एका ओळीला आजींनी मान हलवली नाही. बाबांनी कागद बाजूला ठेवला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, सांगा, कसं म्हणायचंय.

मैत्रिणी भेळ खायला पुढे गेल्या. मैत्रेयी तिथेच दोन तास उभी होती, कारण शेडमध्ये बाबांची एक खुर्ची आणि गिऱ्हाइकाचं एक स्टूल, एवढंच आहे.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर तिने आईबाबांना समोर बसवलं. पुष्पावतीकाकूंच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मैत्रेयी उभी राहिली, घसा साफ केला, आणि माईक नव्हता तरी माईकसमोर बोलतात तशी बोलली.

“मी ठरवलंय. होकार कळवला आत्ताच. सप्टेंबरात मी आयर्लंडला जाणार. पण उद्यापासून ते जायच्या आदल्या दिवसापर्यंत मी बाबांच्या टेबलाशी बसणार, दहा ते सहा, डबा घेऊन. मला दस्त लिहायला शिकवायचं. तिकडे वर्गात पहिल्या दिवशी विचारतील, कुठे शिकलीस, तर मला तहसील कचेरीबाहेरच्या शेडमध्ये असं सांगायचंय, आणि ते खरं असायला हवं. तिथे दुसरी खुर्ची नाही, हे मला माहीत आहे. काकासाहेबांची मागून आणलीय. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलीय.”